व्हेरांकूरच्या नदीकाठी मांडलेली माणसं

सन्माननीय अध्यक्ष वकील बन्सीलालजी, आजचे सत्कारमूर्ती मगनराव ठेकेदार, व्यासपीठावर विराजमान झालेली पाहुणे मंडळी, आणि उन्हातान्हातून इथवर आलेल्या माझ्या नंदुरबारकर बंधूभगिनींनो,

फ्रान्स देशातल्या व्हेरांकूर शहराच्या नगरपालिकेनं मगनरावांना रुपेरी पदक दिलं, त्यानिमित्त आजचा हा सोहळा. ते शहर मीही पाहिलेलं आहे, म्हणून त्याचा थोडा परिचय करून द्यावा, असं समितीनं मला, कोरीटच्या भिकन पाटलाला, सुचवलं. एवढ्या मोठ्या सभेत बोलायची संधी दिलीत, मी आभारी आहे. परिचय करून देतो.

मी कापूस पारखणारा माणूस. मुंबईच्या एका पेढीची नोकरी करतो. गेल्या साली आपल्या खानदेशी गाठी ओल्या निघाल्या अशी व्हेरांकूरच्या गिरणीनं तक्रार केली, आणि पेढीनं मला तिकडं धाडलं. शहर लहान. शहाद्यासारखी दोन गावं शेजारी ठेवली तर भरेल एवढं. मधून नदी वाहते, आणि दोन्ही काठांना गिरण्या. सूत, फिती, लेस, बायकांच्या टोप्यांना लावायच्या रंगीत पट्ट्या. सगळं गाव फ्रेंच बोलतं आणि सगळं गाव भोंग्यावर उठतं. पेढीच्या कामापुरतं फ्रेंच मलाही येतं. गोदामात आपल्या मुलखाच्या गाठी रचलेल्या पाहिल्या तेव्हा, खरं सांगतो, माझी छाती फुगली होती.

मग मी नदीवर गेलो. मंडळी, आपल्या तापीला आपण हात जोडतो. त्या नदीत मला हात घालवेना. वरच्या अंगाला रंगाचे कारखाने. सकाळी पाणी जांभळं, दुपारी काळपट हिरवं, आणि त्यावर लोकर धुतलेल्या पाण्याची चिकट साय. काठावरच्या घरांच्या खिडक्या भर दुपारीसुद्धा बंद. वासानं माझा घास तोंडात फिरायचा. मजूर मात्र त्याच काठावर बसून पाव खायचे. मला त्यांची कीव आली. ही कीव फार दिवस टिकली नाही, ते पुढं सांगतो.

नदीच्या वळणावर नगरपालिकेची बाग होती. तिथं प्रदर्शन भरलं होतं. यंत्रं, फिती, कारंजी. आणि एका कोपऱ्यात लाकडी कुंपण, आत गवताच्या झोपड्या. दारावर तिकीट. पाटीवर लिहिलं होतं, ‘हिंदुस्थानातील रानटी लोकांचे खेडे’. कुतूहल म्हणून आत गेलो, आणि माझ्या कानावर आपल्या बाजारातली बोली पडली.

आतली माणसं आपल्या सातपुड्यातली होती, तळोद्याच्या वरच्या डोंगरातली. अंगावर लंगोट्या. बायकांच्या अंगावर जेमतेम लुगडं. त्या थंडीत! मी अहिराणीत हाक मारली, तशी कमलीबाई नावाची एक बाई कुंपणापाशी धावत आली.

"भाऊ, तू आपला मुलुखना शे का? आम्हले सांगेल व्हतं, लाकडं तोडानं काम शे. आठे त कुऱ्हाडबी देत नहीत. नुसतं बठा म्हणतस."

तिच्यामागं तिचा नवरा दोधू खोकत बसला होता. आणि कुंपणाबाहेर कोण? तेच मजूर, तेच पाव खाणारे, रविवारचे स्वच्छ कपडे घालून, पोरंबाळं घेऊन. कोणी साखरेचे खडे फेकत होतं. एका सभ्य दिसणाऱ्या बाईनं हात आत घालून कमलीबाईच्या दंडावर ओला रुमाल घासला. रंग निघतो का, हे बघायला. मग रुमाल उलटा करून मैत्रिणींना दाखवला, आणि त्या सगळ्या हसल्या. नदीकाठच्या त्या मजुरांची माझी कीव तिथंच संपली.

या माणसांना तिथं नेलं कुणी? मगनरावांनी. हो, वकीलसाहेब, मी परिचयच करून देतोय, घंटी थोडा वेळ राहू द्या.

मगनराव मला त्याच गावातल्या हॉटेलात भेटले. अंगात लोकरीचा कोट, समोर कॉफी. मी विचारलं, "मगनराव, हे काय चालवलंय?"

ते म्हणाले, "अरे भिकन, काय बिघडनं त्यासनं? खातस, पितस, बसी ऱ्हातस. जंगलमा त उपाशीच ऱ्हातस ना!"

मी घोंगड्या विकत घेतल्या आणि कुंपणाच्या आत दिल्या. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहतो तर नाहीत. तिथल्या व्यवस्थापकानं काढून घेतल्या होत्या. घोंगडी पांघरलेला रानटी माणूस पाहायला कोण पैसे देईल, असं त्यानं मला अगदी शांतपणे समजावलं.

दोधूला शेवटी इस्पितळात नेलं. कमलीबाईला सोबत जाऊ दिलं नाही, कारण गर्दीचा दिवस होता. तो तिथंच गेला. ही बातमी तिला सांगणं माझ्या वाट्याला आलं. ती रडली नाही. कुंपणाबाहेरच्या माणसांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मन्हा माणूस मरी गया. आते मी ह्यासले तोंड दखाडणार नही."

आणि ती गर्दीकडं पाठ करून बसली. तिचं पाहून बाकीचेही वळले. सगळे झोपडीकडं तोंड, लोकांकडं पाठ. लोक ओरडले, शिट्ट्या वाजवल्या, खडे मारले. कोणी हललं नाही. व्यवस्थापक माझ्यावर धावून आला, यांना वळायला सांगा म्हणाला. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "त्याले सांग, मन्ही पाठबी काळीच शे. दख म्हना."

मी ते जसंच्या तसं त्याला सांगितलं.

पाठी पाहायला कोण येणार? आठवड्याभरात ते कुंपण ओस पडलं. मग मात्र त्या सुसंस्कृत शहराला या माणसांना घरी पाठवायची घाई झाली. बोटीवर मी त्यांच्याबरोबर होतो. मगनराव मागं राहिले, प्रदर्शनाला माणसं पुरवल्याबद्दलच्या पदकासाठी. तेच हे पदक, जे आज मखमलीवर ठेवून तुमच्यापुढं फिरवलं गेलं. तुमच्यापैकी अनेकांनी ते कौतुकानं हातात घेतलं, म्हणून सांगितलं.

व्हेरांकूरची मला किळस आली, पण ते परकं गाव. त्यांना आपली बोली कळत नव्हती. इथं बसलेल्यांना तीही सबब नाही. या सभागृहात निम्मे लोक असे आहेत ज्यांना हे आधीच ठाऊक होतं, आणि तरी हाराला वर्गणी दिली. त्याला मी काय म्हणू? सभ्य शब्द सापडेना, म्हणून थांबतो.

एकच काम राहिलं. दोधूला त्यांनी पुरलं, पण कुठं, ते मला शोधूनही कळलं नाही. इस्पितळात त्याचा जवळचा माणूस म्हणून मगनराव हजर होते. त्यांना ठाऊक असणार. कमलीबाई डोंगर उतरून, पायी, आज इथं आल्या आहेत. बाहेर ओट्यावर बसल्या आहेत. कुणी आत बोलावलं नाही म्हणून.

समितीचे आणि अध्यक्षांचे मनापासून आभार. माझी जीभ शेतातली, शुद्ध मराठी बोलताना घसरली असेल तर पोटात घाला. सांगण्यात काही खोटं असेल, तर मगनरावांनी आत्ता उभं राहून सांगावं.

नाही?

मग माझी वेळ मी त्यांना देतो. कमलीबाई, आत या. तुम्हाला जे विचारायचं आहे ते विचारा.