आठव्या दिवसाचा शेक

पहिले माफी मागते. अक्षर माझं वाकडंतिकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घ मले चौथीतही जमलं नाही आणि चौथीनंतर तर शाळाच सुटली. वरून मिरचीनं बोटं सुजली आहेत, पेन नीट धरता येत नाही. पण तोंडानं सांगायचं म्हटलं की माझा आवाजच निघत नाही, लहानपणापासून मी अशीच, म्हणून लिहून राहिली. कोणाच्या हाती ही वही पडली तर समजून वाचा.

माझं माहेर रामटेकजवळ. आई धानाच्या रोवण्याले जाये आणि गावातल्या बाळंतिणींची मालिशही करे, तिचे हात पाहून पाहून मी शिकली. लग्न होऊन शहराच्या कडेले वाडीले आली, नवरा ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाल होता, तो गेला तेव्हा आईचं हे काम माझ्या कामी आलं. सकाळी तेल, आंघोळ, मग शेकशेगडी. निखाऱ्यावर ओवा टाकायचा, सुती कापडाची घडी त्याच्यावर गरम करायची आणि बाईची कंबर, पोट, छाती शेकायची. आता किती गरम, तर त्याचं माप आमच्या धंद्यात बाईच्याच तोंडी असते. विचारायचं, लागते का वं? लागते म्हणाली की थांबायचं, नाही म्हणाली की अजून ठेवायचं. इतक्या वर्षांत एका बाईच्या अंगावर माझ्या हातानं डाग पडला नव्हता, आणि बोलायले लाजणारी मी, पण हे मात्र सगळ्यांले सांगत होती.

वैशाली माझ्या लहान बहिणीची पोरगी. बर्डीच्या बाजारात साड्यांच्या दुकानात कामाले आहे, गिऱ्हाइकांले साडी स्वतःच्या अंगावर लावून दाखवते. उंच, गोरी, नाकीडोळी छान, पण छाती तिची भरलीच नाही, दुकानातल्या पोरी तिले हँगर म्हणत. तीही हसे त्यांच्यासोबत. एक दिवस माझ्याकडे आली आणि म्हणाली, मावशी, मी ऑपरेशन करून राहिली, दोन्हीकडून पिशव्या टाकतात आतून, लोन मंजूर झालं, आईले सांगू नको. मी म्हटलं, काहून वं, कोण्या पोरानं नाही म्हटलं का? म्हणाली, पोराबिरासाठी नाही, मले आरशात पाहायचं आहे स्वतःले. आईले तिनं सांगतलं, दुकानाच्या प्रदर्शनाले रायपूरले जाऊन राहिली. आणि दवाखान्यातून मी तिले सरळ माझ्या खोलीवर आणलं.

अशा ऑपरेशननंतर काय काय होते हे मले कोणी सांगतलं नव्हतं, म्हणून लिहून ठेवते. पहिले तीन दिवस तिले वाटे छातीवर कोणी पाटा ठेवला. पाठीवरच झोपायचं, तेही पाठीमागं उशा लावून, अर्धं बसल्यासारखं. हात खांद्याच्या वर जात नाही, वेणी मी घालून देऊ, कुर्ता समोरून बटणांचाच पाहिजे. समोर हूक असलेली घट्ट बॉडी दिवसरात्र घालायची. पाण्याची बकेट उचलायची नाही, दाराची कडीही जोर लावून ओढायची नाही. गोळ्यांनी पोट साफ होत नाही. आणि चौथ्या दिवशी बसल्या बसल्या रडायले लागली, म्हणे मावशी, हे एक वर आहे एक खाली आहे, मी काय करून बसली. मी समजावलं की सूज उतरली म्हणजे बसेल जागेवर. आणि वरची चामडी सुन्न होती तिची, बोट लावलं तरी कळे ना. डॉक्टर म्हणाले होते, कळायले काही महिने लागतात.

आता जे लिहून राहिली ते मी कोणाले सांगतलं नव्हतं. दवाखान्यातून सुट्टी झाली तेव्हा वैशाली गुंगीत होती, आणि सिस्टरनं सगळं मलेच समजावलं. मौसी, सेक बिलकुल नहीं देना, मालिश नहीं करना, असं तिनं दोनदा सांगतलं, माझ्याकडे पाहून. मी हो म्हटलं. आणि मनात म्हटलं, हे लोक बाळंतिणीलेही शेक देऊ नका म्हणतात, आणि माझ्या हातच्या बाया कशा ठणठणीत उठल्या.

आठव्या दिवशी ती म्हणाली, छाती आवळून आली मावशी, काही कर ना. मी शेगडी पेटवली. बॉडीचे हूक काढले, घडी गरम केली, आणि टाक्यांपासून दूर, डाव्या अंगाले ठेवली. विचारलं, लागते का वं? म्हणे, नाही. दुसरी घडी अजून गरम केली. लागते का? नाही वं, बरं वाटून राहिलं, ठेव. तिसरी मलेच हातात धरवत नव्हती आणि ती डोळे मिटून म्हणते, नाही लागत. चामडी सुन्न आहे हे मले माहीत होतं, मी रोज पाहत होती, पण माझ्या डोक्यात आईचं मापच बसलेलं. कापड काढलं तर खाली पांढरा पट्टा. दुसऱ्या दिवशी फोड आला, मग फोड फुटून टाक्याजवळून पू. डॉक्टरनं डावी पिशवी काढून टाकली. म्हणाले, सहा महिने थांबा, मग पाहू.

मले वाटलं आता ही माझं तोंड पाहणार नाही. तर ती माझाच हात धरून म्हणते, मावशी तू रडू नको, तू तर विचारलं होतं, मीच नाही म्हटलं. मी तिथंच बोलायले पाहिजे होतं. नाही बोलली.

मग मी बाळंतिणींची कामं सोडली. कळमन्याच्या मिरची बाजारात देठ तोडायले जायले लागली, आणि तिच्या लोनचा हप्ता मी देईन म्हणून सांगतलं. दर महिन्याले दुकानामागच्या चहाटपरीवर मी पैसे घेऊन जाऊ आणि दर महिन्याले ती भांडे. काहून देते वं, चूक माझी होती ना, म्हणून नोटा माझ्या थैलीत परत कोंबे, मी पुन्हा तिच्या हातात देऊ. चहावाला म्हणे, अरे, नाही पाहिजे तर मला द्या. अशी तीन वर्षं गेली. दुसऱ्या ऑपरेशनची तिची हिंमत झाली नाही. डाव्या बाजूले रुमालाची घडी ठेवते आणि साडी लावून दाखवते.

परवा शेवटचा हप्ता होता. तिनं माझी बोटं पाहिली आणि तिचे डोळे भरले. म्हणाली, माझ्या एका नाही म्हणण्यापायी तुझा धंदा गेला मावशी, मले माफ कर. बाप्पा, माफी तीच मागून राहिली. तेव्हा मी सांगतलं. सिस्टरनं दोनदा म्हटलं होतं, मी हो म्हटलं होतं, तू गुंगीत होती. एवढंच बोलली.

तिनं चहाचा ग्लास बाजूले ठेवला. मग तिनं हात पुढं केला. या वेळी भांडली नाही, काहून म्हटलं नाही. नोटा पर्समध्ये ठेवल्या, चेन लावली आणि दुकानात गेली. मागं वळून पाहिलं नाही.

पोरगी सुखात राहो. पैसे फिटले.