लाल शाईतली चोवीस नावं

यमुनाबाई : लाल शाई? अगं, मग त्यात वावगं काय झालं? शुभच की ते.

चारुता : आपल्याकडं शुभ, आई. इथं बँकॉकमध्ये माणूस गेला की त्याच्या शवपेटीवर लाल रंगात नाव लिहितात. जित्या माणसाचं नाव कुणी लाल शाईत लिहीत नाही. आणि मी नव्या सत्राच्या पहिल्याच दिवशी चोवीस पोरांची नावं लाल मार्करनं लिहून बाकाबाकावर पाट्या ठेवल्या.

यमुनाबाई : देवा रे.

बिल्किस : (यमुनाबाईंच्या शेजारून फोनमध्ये डोकावत) चोवीसच्या चोवीस? एकपन नाय सोडलं?

चारुता : नाही ना, खाला. कडेनं वेलबुट्टीपण काढली.

यमुनाबाई : पोरं काही बोलली नाहीत?

चारुता : इथली पोरं टीचरला उलटून बोलत नाहीत. हात जोडून गप्प बसली. मला वाटलं, खूष झाली. मग शेजारच्या वर्गातल्या बाई आल्या, हसतहसत सगळ्या पाट्या गोळा करून घेऊन गेल्या. मला वाटलं, त्यांनापण आवडल्या!

बिल्किस : (हसू आवरत) या अल्ला. वैनी, तुमची लेक मास्तरीण झाली, पन भोळी ती भोळीच.

चारुता : हसू नका हो. तेवीस घरांनी हसण्यावारी नेलं. पण प्लॉय म्हणून आठ वर्षांची एक मुलगी आहे, तिला तिसऱ्याच दिवशी ताप भरला. ताप उतरून आठवडा झाला, तरी आजी तिला शाळेत पाठवत नाही. म्हणते, त्या परदेशी बाईनं माझ्या नातीला पेटीत घातलं. हेडबाई माझ्या बाजूच्या आहेत, पण काल म्हणाल्या, सोमवारी ती वर्गात आली नाही तर बाकीचे पालकही बिथरतील, वर्ग दुसऱ्याला द्यावा लागेल. आणि वर्गच नसला तर पुढच्या वर्षाचा करार कशाचा?

यमुनाबाई : म्हणजे... परत यावं लागेल?

चारुता : यावंच लागेल.

यमुनाबाई : अस्सं.

बिल्किस : अस्सं काय, वैनी? चारू बेटा, मी सांगते ते ऐक. तीस वर्सं शिकवलं मी. पोरगं आठ दिवस आलं नाय की चिठ्ठी नाय, निरोप नाय, चप्पल घालायची आन् त्याच्या दारात जायचं. शाळंत मानूस भांडतं. घरी गेलं की पानी देतं.

चारुता : तेच केलंय, खाला. इथले परदेशी टीचर कुणाच्या घरी जात नाहीत. माझ्याबरोबरचा डॅनियल म्हणाला, माफीचा ईमेल टाक आणि मोकळी हो. पण मला राहवेना. आत्ता तिच्या गल्लीतच उभी आहे, संत्री घेऊन. धीर होईना म्हणून तुम्हाला फोन लावला.

यमुनाबाई : दाखव बरं गल्ली. जरा हळू फिरव, गरगरतं मला. ते खांबावर काय गं, तुळशीवृंदावनासारखं?

चारुता : ते देवघर आहे, घराबाहेरचं. त्या जागेचा जो राखणदार असेल, त्याच्यासाठी. रोज फुलं, पाणी ठेवतात. आणि लाल सरबताची बाटली, त्यात स्ट्रॉ घालून.

यमुनाबाई : लाल सरबत चालतं होय त्याला?

चारुता : सरबत चालतं. नाव चालत नाही.

यमुनाबाई : प्रत्येक देवाचं वेगळं. बरं, स्ट्रॉ रोज नवी घालतात का?

चारुता : आई! आजी आल्या बाहेर.

बिल्किस : सफेद कपडे? घरात काय झालं का त्यांच्या?

चारुता : नाही खाला, आज पौर्णिमा ना. पांढरं नेसून देवळात जातात आणि दुपारी बारानंतर काही खात नाहीत.

यमुनाबाई : म्हणजे त्यांचाही उपास! मग आधी वाकून नमस्कार कर. संत्री हातात देऊ नकोस, देवापुढं ठेवा म्हणावं. फोन बंद करू नकोस गं.

(पडद्यावर बराच वेळ नुसती फरशी आणि दोन जोड चपला दिसतात. लांबून एका म्हाताऱ्या बाईचा आणि एका लहान मुलीचा आवाज येत राहतो.)

चारुता : आई, आहेस ना? आत घेतलं त्यांनी. पाणी दिलं.

बिल्किस : बोल्ले नव्हते मी?

चारुता : मला बाजारापुरतंच थाई येतं, आजींना इंग्रजी येत नाही. म्हणून प्लॉयच मध्ये बसलीय. आजींचं ती मला इंग्रजीत सांगते, माझं त्यांना थाईत. त्यांनी विचारलं, लाल रंगात लिहायचं तुला कुणी शिकवलं? मी म्हटलं, आमच्या गावची रीत आहे.

यमुनाबाई : गावाला कशाला मध्ये घालतेस? मीच सांगितलं होतं ना तुला फोनवर, नवं सत्र आहे, नावं लाल शाईनं लिही, लेकरांना चांगलं असतं म्हणून. माझं नाव सांग.

चारुता : राहू दे ना.

यमुनाबाई : राहू दे कसं? चूक माझी आणि कान तुझा धरायचा? सांग. आणि थांब, ही माझी लाल शाईची वही दाखव त्यांना. दिसतेय का? पानं उलटते मी.

चारुता : बघताहेत... आई, आजी विचारताहेत, एवढी माणसं गेली का तुमची?

यमुनाबाई : नाही हो, नाही. एकच नाव आहे ते. रामाचं. रोज एकशे आठ वेळा लिहिते. त्यांना म्हणावं, आमच्याकडं लाल म्हणजे कुंकू. ज्याचं बरं व्हावं वाटतं, त्याला लावतात.

चारुता : सांगितलं. आता म्हणताहेत, रोज एवढं लिहून देवाकडं मागता काय?

यमुनाबाई : काय मागणार? सगळ्यांचं भलं होऊ दे.

बिल्किस : वैनी.

यमुनाबाई : काय?

बिल्किस : उपास हाय आज तुमचा. खोटं नका बोलू.

यमुनाबाई : ...चारू घरी यावी. कायमची. लाख नावांचा संकल्प केलाय, तू गेलीस त्या आठवड्यात.

चारुता : मला कधी बोलली नाहीस.

यमुनाबाई : देवाला बोलले होते.

चारुता : म्हणून मघाशी नुसतं ‘अस्सं’ म्हणालीस?

यमुनाबाई : क्षणभर वाटलं, ऐकलं त्यानं. मग तुझा चेहरा बघितला आणि माझी मलाच लाज वाटली. सांग त्यांना. आहे तसं सांग.

चारुता : आठ वर्षांच्या पोरीच्या तोंडून सांगू हे?

यमुनाबाई : तीच सांगेल नीट.

बिल्किस : काय चाल्लंय, बेटा? बोलली का ती?

चारुता : बोलतेय. शब्द अडला की मला विचारते आणि पुढं जाते. आजी ना माझ्याकडं बघताहेत, ना फोनकडं. तिच्याकडंच बघताहेत. म्हणताहेत, ही परकी भाषा इतकी बोलते, मी आज पहिल्यांदा ऐकलं.

बिल्किस : मग! मास्तरीण कुनाची हाय?

चारुता : थांबा, खाला, आजी बोलताहेत अजून. म्हणताहेत... ताप उतरला तेव्हाच भीती गेली होती. पण पोर आठ दिवस घरात होती, तर घर भरल्यासारखं वाटलं. लाल रंगाचं निमित्त बरं होतं.

यमुनाबाई : हं.

चारुता : सोमवारी पाठवते म्हणाल्या. आई, पाठवताहेत! पण त्यांना तुला एक विचारायचंय. त्या त्यांच्या नातीला पाठवतील, तू तुझ्या लेकीला पाठवणार का?

यमुनाबाई : संकल्प मोडता येत नाही, बाळ.

बिल्किस : वैनी, असं नका करू.

यमुनाबाई : अगं, ऐकून तर घे. लाख नावं मी पुरी करणारच. फक्त मागणं काढून घेते. नुसतं नाव लिहीन. त्याला काय द्यायचं ते देऊ दे. तू कर करारावर सही, चारू.

चारुता : आई...

यमुनाबाई : रडू नकोस, परक्या घरी बसलीस. त्यांना एक विचार माझ्याकडून. नात शाळेत गेली की दिवसभर काय करतात?

चारुता : म्हणताहेत, चार वाजेपर्यंत दारात बसून राहते.

यमुनाबाई : त्यांना म्हणावं, मी पण बसते, फोनजवळ. माझ्याकडं चार जरा उशिरा वाजतात, एवढंच.