डोळ्यांवरची छत्री

(मळवलीजवळची एक वस्ती. सकाळचे अकरा. आत रात्रपाळी करून आलेला हृतिक झोपलाय. बाहेर ओट्यावर त्याची आई आणि बायको, एक काळी पट्टी दोन्ही बाजूंनी ओढत.)

सावित्राबाई : सोड, सोड म्हनते! ही पट्टी आता चुलीतच जायची.

संगीता : आत्याबाई, हळू बोला. आत्ता कुटं डोळा लागलाय त्यांचा.

सावित्राबाई : मी रानातनं आले, आत पाऊल टाकलं, तर पोरगं उतानं, हात छातीवर, आन् तोंडावर काळं फडकं! मेल्या मान्साच्या तोंडावर फडकं टाकत्यात गं, जित्त्याच्या न्हाई!

संगीता : तोंडावर न्हाई, डोळ्यावर. उजेड लागू नये म्हनून. बंगल्यावरच्या गेस्ट बाया अशाच झोपत्यात, दिवसाढवळ्या.

सावित्राबाई : त्यांना काय धंदा हाय दुसरा? झापडं घाण्याच्या बैलाला बांधत्यात. माज्या पोराला बैल केलास व्हय?

संगीता : वाढदिवस हाय आज त्यांचा. हातानं शिवून दिलं. बंगल्यावरची झाडलोट झाली की रोज बसत व्हते, तीन दुपारी. बोटं बघा माजी, चाळण झालीया.

सावित्राबाई : आन् ह्ये मागं काय ताणतंय?

संगीता : इलास्टिक.

सावित्राबाई : कशाचं?

संगीता : बाळाच्या जुन्या चड्डीचं. धुतल्यालं हाय.

सावित्राबाई : अगं भवाने! वाढदिवसाला नवऱ्याच्या डोक्याला चड्डी! थांब, थांब. ह्ये कापड… ह्ये तर छत्रीचं हाय. कुनाची छत्री फाडलीस?

संगीता : आदी पट्टी द्या इकडं.

सावित्राबाई : तोंड उघड.

संगीता : मामंजींची. काड्या मोडल्या व्हत्या, चार वर्सं नुसती खुंटीला लटकत व्हती. साडी लावून बघितली, टावेल बघितला. सगळ्यातनं उजेड येतोच. ह्याच्यातनं तेवढा येत न्हाई.

सावित्राबाई : हृतिकचे आबा गेले तवा चप्पल दिली मी, टोपी दिली, धोतरं दिली. छत्री न्हाई दिली कुनाला. मी बांधावर भाकर खायची न्हवं, तवा माज्या डोक्यावर हीच छत्री धरून हुबे ऱ्हायचे. लोक हसायचे. तुला इचारावं वाटलं न्हाई? मी घरात हाय का मेले?

संगीता : चुकलं. न इचारता फाडली ते चुकलं माजं. पन पट्टी द्या. त्यांना संध्याकाळी परत जायचंय. झोप न्हाई झाली तर…

सावित्राबाई : तर काय? रात्रपाळी काय त्यो एकटाच करतो?

संगीता : गेल्या बेस्तरवारी गोदामावरनं येताना सोमाटण्याच्या चौकात गाडीवरच डोळं मिटलं त्यांचं. ट्रकवाल्यानं हारन मारला म्हनून घरी आले.

सावित्राबाई : मला म्हनला, खडीवर गाडी घसरली.

संगीता : तुमाला तसंच सांगायचं म्हनले. झोपच होत न्हाई, आत्याबाई. नऊ वाजले की ऊन थेट तोंडावर.

सावित्राबाई : बंद घरात ऊन कुटनं येतंय?

संगीता : वरच्या पत्र्यातनं.

सावित्राबाई : कंच्या पत्र्यातनं?

संगीता : काचंवानी हाय त्यो. तुमास्नी तांदूळ निवडताना खडं दिसंनात, म्हनून त्यांनीच बसवला न्हाई का? आन् खाट हलवायला जागा कुटं हाय? मला म्हनले, “आईला सांगू नको. ती आजच पत्रा काढायला लावंल आन् अंधारात बसंल.”

सावित्राबाई : आस्सं! म्हंजी तू गप, त्यो गप, आन् मी आपली त्याच्या उश्याशी बसून मजेत खडं येचतीया! पोरगं रस्त्यावर मरायला लागलं तरी मला पत्ता न्हाई! मी काय पावणी हाय ह्या घरात? तुमच्या जिभंला काय झालतं? तांदूळ ओट्यावर बसून निवडता येत न्हाईत व्हय मला? हितला उजेड कुनी चोरून नेलाय?

संगीता : पत्रा काढू नका, आत्याबाई. ते मला बोलतील.

सावित्राबाई : न्हाई काढत. माज्यासाठी बसवलाय त्यानं. जा, माजं गोधडीच्या चिंध्यांचं गाठोडं आन. त्यात पिवळ्या फुलांच्या लुगड्याचा तुकडा हाय.

संगीता : त्यो कशाला?

सावित्राबाई : आतनं आबांची छत्री ऱ्हाऊ दे. वरनं त्यो लाव. आन् टाके बारीक घाल, लांडग्याच्या दातावानी नको.

संगीता : आन् तवर त्यांच्या डोळ्यावर ऊन?

सावित्राबाई : तवर मी बसते खाटंपाशी, पदर आडवा धरून. तू शिव.

संगीता : हात भरून येतील तुमचे.

सावित्राबाई : येऊ देत. फुलं वरच्या अंगाला घे, चांगली मोठी मोठी. मी कवाबी आत आले तरी पोरगं जित्तं दिसलं पायजे.