आधी साक्ष, मग शपथ

माझा जन्म धरमतर खाडीच्या काठचा. आईबाप दोघं मिठागरावर. भरतीचं पाणी आत घ्यायचं, बांध घालून अडवायचं, उन्हात आटवायचं आणि पांढरं झालं की ओढून ढीग लावायचे, हेच काम, आणि आम्ही पोरं बांधावर बसलेली. पायाला चिरा पडायच्या, त्यात मीठ जायचं, रडली तर आई म्हणायची, रड गो, तेवढंच मीठ वाढंल. शाळा मी चौथीपर्यंत बघितली. बघितली म्हणते, बाई, शिकली म्हणत नाय.

माझं शिक्षण झालं ते आत्याकडं. आत्या धवलारीण होती. हे तुमच्या नातवंडांना नीट समजावून लिहा, तिकडं परदेशात त्यांना कुठली धवलारीण दिसायची. आमच्या आगरी लग्नात मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत आणि हळदीपासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक कामाला गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि ते म्हणणारी बाई ती धवलारीण. तिच्या तोंडातून निघालं ते नवरानवरीला लागतं, असं आमची माणसं मानतात. म्हणून धवलारणीनं जिभेला जपायचं. बांगडी फुटली तर आत्या वाढली म्हणायची, तांदूळ संपले तरी वाढले म्हणायची, आणि माणूस मेला तर मेला हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाय. आणि दुसरं एक होतं तिचं, सुपारी घेतली की काम अर्धं टाकायचं नाय. मग अंगात ताप असो, नायतर नवऱ्याकडची माणसं शिव्या घालोत, नवरी उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत उठायचं नाय. ह्या दोन गोष्टी मी तिच्याकडून घेतल्या आणि दोन्ही एकदमच माझ्यावर आल्या, काय सांगू तुम्हाला.

लग्न होऊन गडबला आली. भाताची जमीन थोडी, आमचे हे, नितेशचे बाबा, धरमतरच्या जेट्टीवर बार्जच्या कामाला. नितेश आमचा एकुलता. हायवेच्या कडेनं पहाटे पळून पळून तो सैन्यात लागला, आणि आता कुठं हाय ते आम्हाला पण नीट सांगत नाय, वर हाय, थंडी हाय, एवढंच. सून सोनल माझ्यापाशी. तुमच्याकडं मी वाल आणि तांदूळ घेऊन येते ते नितेश भरती झाला तेव्हापासून, त्या साली तुम्ही पेढे पण घेतले होते माझ्या हातून.

तर तुम्ही विचारता ती टीव्हीवरची मालिका. वाशीकडच्या एका लग्नात मी धवला म्हणत होती, अर्ध्यात डीजे सुरू झाला आणि माझं कुणाला ऐकू येईना, तरी मी म्हणत होती. तिथं पेणचा एक माणूस आलेला, तो शूटिंगला माणसं पुरवतो. तो म्हणाला, मावशी, आवाज बंद झाला तरी तुम्ही थांबला नाय, तुम्हीच पाहिजेत. कशाला रे बाबा? तर म्हणे सैन्याच्या कोर्टाची हिंदी मालिका हाय, त्यात कोकणातल्या एका जवानाची आई पाहिजे, आणि तिनं कोकणातलंच बोलायचं. रोह्याला कुठल्या तरी बंद पडलेल्या कंपनीच्या शेडमध्ये सगळं कोर्ट उभं केलेलं. मी नागोठण्याला गाडी बदलून गेली. पूजा होती, त्यांनी सगळ्यांबरोबर मला पण ओटीत नारळ घातला. मी घेतला. आमच्यात नारळ घेतला म्हणजे सुपारी घेतली, हे त्यांना काय ठाऊक.

पहिल्या दिवशी मी तारे लावलेले साहेब बघून उभीच राहिली. कर्नल आला, उभी. मेजर आला, उभी. शेवटी चहा देणारा हसला, मावशी, बसा, ह्यातला एक पण खरा नाय. कर्नल अलिबागकडचा, बँकेतून रिटायर झालेला. वर्दीत रस्त्यावर जायला त्यांना मनाई होती, तर तो वर्दीवरून लुंगी गुंडाळून टपरीवर वडापाव खायला जायचा, खाली पॉलिश केलेले बूट. मेजर तो सैन्यातला वकील, मालिकेचा हिरो, नाटकातून आलेला, आवाज असा की पत्रा हलायचा. आणि आरोपी कॅप्टन, ज्याच्यामुळं माझा मालिकेतला पोर गेलेला असतो, तो नागपूरकडचा, पंचविशीचा. कोर्टात त्याची टोपी आणि पट्टा काढून घेतात, पट्टा काढला की त्याची पँट घसरायची, मग आतून पिना. जेवताना त्याची आई व्हिडिओवर यायची आणि भाजी बघायची, काय दिली म्हणून. मला म्हणाली, ताई, ह्याच्यावर फार ओरडू नका हं. मी म्हटलं, कोर्टात ओरडेन, बाहेर नाय.

आता माझं बोलणं मला मोबाईलवर पाठवलं, ते सगळं इंग्रजी अक्षरात. भाषा आमची, अक्षरं तुमची. म्हणून मी तुमच्याकडं आली. तुम्हाला आठवतंय ना, तुम्ही ओसरीवर चष्मा लावून वाचत होता आणि मी ऐकून पाठ करत होती, धवला पाठ केला तसा. आधी शपथ, ईश्वराची शपथ घेऊन सांगते की खरं सांगेन. मग नाव, गाव, मग पोराचा शेवटचा फोन कधी आला, तो काय बोलला. आणि तुम्ही मध्येच थांबलात. मी म्हटलं, पुढं काय? तुम्ही म्हणालात, मंजुळा, पाणी पी आधी. मग वाचलंत. माझा पोर मेला साहेब, ह्यानं त्याला पुढं पाठवला.

त्या वेळी आमच्या नितेशचा फोन येत नव्हता. तुम्हाला मी सांगितलं नव्हतं. लावला की ती बाई बोलायची, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. असं आधी पण व्हायचं, एक-दोन दिवस, पण ह्या वेळी लांबलं. सोनल सारखी फोन चार्जिंगला लावायची, भरलेला असला तरी लावायची. नितेशचे बाबा जेट्टीवरून आले की पहिलं तिच्या तोंडाकडं बघायचे आणि मग पाय धुवायला जायचे. अशा घरात मी रात्रीची भाकरी थापताना मनात ते वाक्य म्हणून बघत होती आणि पुढं जाईना. नुसतं बोलायचं असतं तर एक वेळ बोलली असती, बाई. नाटक ते नाटक. पण आधी देवाची शपथ घ्यायची, हात वर करून, खरं बोलेन म्हणायचं, आणि लगेच पोर मेला म्हणायचं, आणि पोराचा फोन लागत नाय. ह्यांना सांगितलं तर हे केवढ्यांदा ओरडले, येड लागलंय काय गो तुला, पोराच्या जिवावर उठलीस काय, उद्या जायचं नाय. मी म्हटलं, नारळ घेतलाय. ते म्हणाले, खाडीत टाक तो नारळ.

तरी मी गेली. का गेली ते आजपण मला धड सांगता येत नाय. सोनलनं डबा दिला आणि म्हणाली, आई, फोन आला तर मी लगेच कळवीन, तुमचा चालू ठेवा. शेडमध्ये फोन बंद ठेवायला लावतात. मी चालू ठेवला, आवाज बंद करून, नुसता थरथरंल असा, पोलक्यात ठेवला.

त्या दिवशी काय झालं, सकाळी त्यांनी आधी निकाल केला. कॅप्टन सुटला, सगळ्यांनी हात मिळवले. जेवण झाल्यावर त्याच कॅप्टनला पकडून आणला. मी विचारलं, अरे, आत्ता सुटला ना हा? असिस्टंट पोरगी म्हणाली, मावशी, आम्ही वाट्टेल तसं मागंपुढं करतो, नंतर जोडतो. मग मला उभी केली. समोर लांब टेबल, हिरवं कापड, कर्नल मध्ये. हात वर करा, आई. मी हात वर केला आणि तोंड उघडेना. परत. परत नाय. डायरेक्टर आधी गोड बोलला, मग म्हणाला, अहो, सगळं खोटं आहे, ही भिंत बघा, प्लायवूडची. त्यानं ठोकून दाखवली. मी म्हटलं, भिंत प्लायवूडची हाय, जीभ माझी हाय ना. शपथ काढा, बाकीचं बोलते. तो म्हणाला, कोर्टात शपथ नाही तर सैन्यातली माणसं हसतील आम्हाला. आणि बाजूला वळून कुणाला तरी सांगितलं, मुंबईहून दुसरी आई बोलवा, संध्याकाळपर्यंत पोचेल ना बघा. माझ्यासमोर, बाई. जशी काय दुसरी खुर्ची बोलवा.

तेव्हा मेजर उठला. त्याचा तो शेवटचा दिवस होता, त्याला निघायचं होतं. म्हणाला, आई, आम्ही रोज मरतो कॅमेऱ्यासमोर, काही होत नाही. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, तुम्ही मरा ना साहेब, कितीपण मरा, तुमची आई येते का इथं शपथेवर सांगायला? मला वाटलं, आता हाकलतात. मग मी सांगितलं, माझा पोर वर हाय आणि त्याचा फोन लागत नाय. इतके दिवस तिथं कुणाला सांगितलं नव्हतं. कॅप्टनचा हात घसरत्या पँटवर तसाच राहिला. आणि माझ्या तोंडात आलं ते मी बोलून टाकलं, की तुम्ही ह्याला सकाळी सोडला आणि दुपारी पकडला, मग माझी साक्ष आधी घ्या आणि शपथ मागून घ्या. शपथ घेतल्यावर मी एक शब्द खोटा बोलणार नाय, आणि शपथेच्या आधी काय बोलली ते शपथेवर नाय. डायरेक्टर म्हणाला, पण जोडल्यावर तेच दिसणार. मी म्हटलं, तुमच्या टीव्हीत जोडा. इथं मी कधी काय बोलली ते मला ठाऊक, देवाला ठाऊक.

डायरेक्टर मेजरकडं बघायला लागला. मेजरनं घड्याळ बघितलं आणि म्हणाला, घ्या सर, जमतं हे.

मग मी साक्ष दिली. कशी दिली विचारू नका. कॅप्टनकडं बघून बोलायचं होतं आणि त्याचे डोळे भरलेले, त्याला ते मालिकेत नव्हतंच सांगितलं. ते वाक्य आलं आणि मी बोलली. आत्याच्या घरातली मी, पहिल्यांदा तो शब्द पोराला लावून माझ्या तोंडून गेला. पोलक्यातला फोन गप्प होता. मग परत उजेड लावला, हात वर, ईश्वराची शपथ घेऊन सांगते की जे सांगेन ते खरं सांगेन. कट झालं. मी हात खाली घेतला नाय. मी म्हटलं, माझं नाव मंजुळा, राहणार गडब, माझा पोर नितेश सैन्यात हाय, जित्ता हाय, ड्यूटीवर हाय. कुणी हसलं नाय. मेजर हळूच म्हणाला, नोंद झाली, आई. बसा.

नितेशचा फोन आला तो पुढं कितीतरी दिवसांनी, दुपारी, मी वाल निवडत होती. सोनलनं उचलला आणि हं हं करत खाली बसली. रस्ता बंद होता, नेटवर्क नव्हतं, आई, तू कशी हायस, असं तो म्हणाला. ह्यांनी फोन घेतला आणि शिव्या घातल्या त्याला, आणि मग पडवीत जाऊन बसले ते उठलेच नाय बराच वेळ.

मग मालिका लागली. आधी शपथ, मग साक्ष, जोडून टाकलेली. सगळ्या गडबनं बघितली. हे ताटावरून उठले. सोनलला मी सांगितलं होतं कसं झालं ते, ती म्हणाली, मला ठाऊक हाय आई, पण टीव्हीत तसं दिसत नाय ना. नितेशनं पण तिकडं मोबाईलवर बघितली, त्याचे सोबती त्याला दोन दिवस भूत म्हणून हाक मारत होते. तो हसत होता. मी नाय हसली.

त्यानंतर आमच्याच आळीत लग्न झालं, हळदीला दुसरी धवलारीण आणली. मला पत्रिका दिली, हातात दिली, पण धवला म्हणायला नाय बोलावलं. नवरीची आई माझी चांगली मैत्रीण, डोळे चुकवत होती. मग एकदा तळ्यावर भेटली आणि म्हणाली, तुला वाईट वाटलं असंल गो, पण तू शपथेवर बोललीस ना तसं. मी तिला सगळं सांगितलं, उलटं केलेलं, आधी काय, मागून काय. तिनं ऐकून घेतलं. व्हय व्हय म्हणाली. तिच्या डोळ्यांवरून कळलं, तिला पटलं नाय. खरं सांगू का, बाई, तिच्या जागी मी असती तर मी पण नसतं बोलावलं. पोरीचं लग्न असतं, तिथं कोण धोका पत्करंल. काही घरं बोलावतात अजून, जुनी घरं. बाकीच्यांचा डीजे हाय.

देव टीव्ही बघतो की शूटिंग, ह्याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं, तो शेडमध्ये होता. पण गावातली माणसं शेडमध्ये नव्हती, त्यांना मी काय दोष देऊ.

नितेश सुट्टीला येऊन गेला. त्याला समोर पाटावर बसवून मीठमिरच्या ओवाळल्या, तो म्हणाला, आई, पुरे, खोकला येतो. आता परत वर गेलाय. परवापासून फोन नाय. लागंल, तिथं असंच असतं, मी सोनलला पण तेच सांगते.

तुम्ही हे लिहून धाडणार ना तुमच्या नातवंडांना? धाडा. जिथं हायत तिथं सुखात राहूदेत, त्यांची अंगणं भरलेली राहूदेत. आणि त्यांना म्हणावं, रोज नको, पण आजीला फोन करत जा रे. फोन नाय आला की म्हातारी माणसं मनात काय काय बोलून बसतात.