डिकीवरचा हात

—नाही नाही, असं नखानं उचकटू नका भाऊ, एकदा कोपरा दुमडला की तो पुन्हा सरळ होत नाही. ठेवा ते स्टिकरचं फूल खाली, कागदाची बाजू वर. हां. आणि त्या स्टुलावर बसा, फक्त भिंतीला टेकून, त्याचा एक पाय आखूड आहे—तुमच्या आधीचे सगळे पाहुणे त्यानं एकेकदा खाली बसवलेत. घाई नाही ना? रेडियमच्या दुकानात त्यांनी चटकन चिकटवून दिलं असतं, खरंय, पण मीच म्हटलं ना तुम्हाला, इथंच अंगणात लावू, मी लावतो, मग गाडी घेऊन जा. शिकलेलो काही नाही मी, पण आमचा लंबू लावायचा तेव्हा शेजारी बसून बघितलंय. लंबू म्हणजे मुलगा. गाडी त्याचीच. उंच इतका की गुडघे स्टिअरिंगला लागायचे, त्याच्या आईनंच ते नाव पाडलं. हाक मारली की वाकून दारातून आत यायचा.

आधी गाडी पुसायची. धुळीचा एक कण राहिला तरी वर टेंगूळ दिसतं. मग पाण्यात शाम्पूचे थेंब घालायचे—अगं, ऐकलंस का! तांब्याभर कोमट पाणी आण गं बाहेर!—नाही ऐकलं. तिला हल्ली कमी ऐकू येतं. निदान माझं तरी. असू दे, आणेल सावकाश, तोवर आहे त्या पाण्यात भागवू.

तुमच्या घरच्या बाई तो हात बघून दचकल्या म्हणालात. दचकणारच हो. डिकीवर मधोमध पाच बोटं पसरलेली, त्यात त्यांचे दिवस भरत आलेले, म्हणाल्या असतील आतून कुणी दार ढकलतंय—तसं नाही, सांगा त्यांना. बाहेरचा हात आहे तो. धक्का मारणारा. ही गाडी सुरू व्हायची नाही ना कधी! सकाळ झाली की लंबू स्टिअरिंगवर, मी मागं एका कडेला, आणि ही मधोमध, पदर खोचून. गल्लीतले लोक म्हणायचे, हिच्या गाडीला पेट्रोल नको, आई पुरते. तर एके दिवशी पोरगा लाल रेडियमचा कागद घेऊन आला, म्हणाला, आई, हात ठेव. ठेवला. पेन्सिलीनं बोटाभोवतीनं काढायला लागला तर हिला गुदगुल्या, ही हसतेय, तो ओरडतोय, हलू नकोस गं, सहावं बोट येईल! मग ब्लेडनं कापला आणि जिथं ती हात लावायची तिथंच बरोबर बसवला. म्हणाला, आता तू घरी असलीस तरी माझ्या पाठीशी हात आहे.

लाल होता तो. आता दिसतो तो निळा.

तेच सांगतोय. तो गेल्यावर हिनं तो हात खरवडून काढला. आधी नखांनी. मग उलथन्यानं. मी धरायला गेलो तर माझ्याकडे असं बघितलं की मी आत येऊन बसलो. शेवटचा चिकटपणा रॉकेलनं पुसला, पुसून बघतो तर हात तिथंच. गाडी उन्हात उभी राहायची ना, सगळ्या अंगाचा रंग ऊन खाऊन गेलं, आणि कागदाखाली झाकलेला तेवढा कोरा करकरीत राहिला—गाडी घेतली त्या दिवसाचा निळा. पॉलिश करून बघितलं, काही होत नाही. रंग उडालेला कळतो, न उडालेला काय उडवणार?

आणि थंडीत दंव पडतं तेव्हा... सांगू का नको. घेताय गाडी, सांगायला हवं. सगळ्या गाडीवर दंव बसतं, त्या हातावर बसत नाही. डिंकाचं तेल राहिलं असेल, दुसरं काय असणार. गॅरेजवालाही तेच म्हणाला. पण सकाळी पडदा सारावा तर भिजलेल्या गाडीवर कोरडा हात, जणू आत्ताच कुणी टेकून गेलंय. ही उठून जाते. त्यावर आपला हात ठेवते. आता बसत नाही हो तिचा, बोटं सुकली, आतच राहतात, भोवतीनं निळं दिसत राहतं. मी खिडकीतून बघतो.

तुमचं फूल लागलं की मिटेल ते. ती स्वतःच म्हणाली, द्या गाडी. झाकू दे त्यांना. म्हणून तर.

बघा, आता फवारा मारला, गाडीवर आणि फुलाच्या पाठीवरही. असं अलगद टेकवायचं. अजून चिकटलेलं नाही, खाली पाणी आहे, बोटानं लोटलं तरी सरकतं—बघा, सरकलं. जरा डावीकडे घेतो, करंगळी उघडी राहतेय. हां, झाकली. आता रबरी पट्टीनं मधून बाहेर पाणी काढत जायचं. पाणी गेलं की मग मात्र हलत नाही. लंबू म्हणायचा, बाबा, जे काय सरळ करायचं ते ओलं आहे तोवर.

कसा गेला—तुम्ही विचारलं नाहीत, बरं केलंत. गाडी पुलावर सापडली. दारं लावलेली, किल्ली आतच. लोक म्हणाले, खाली वाकला असेल, पाय घसरला. आम्हीही तेच म्हणतो. पण हिचं एकच, त्या सकाळी तो म्हणाला, आई, जरा हात लाव गं, आणि मी लावला. मी ढकलली नसती तर गाडी निघालीच नसती. मीच त्याला माझ्या हातानं ढकललं. रोज. जेवताना, फुलझाडांना पाणी घालताना, रोज. मी म्हणतो, अगं, गाडी ढकललीस तू. तिला ते पटत नाही.

आणि मला—फवारा द्या तो जरा—मला ठाऊक आहे ते मी तिला सांगत नाही. गॅरेजवाला पुलावरून गाडी घेऊन आला ना, मी म्हटलं, धक्क्याला माणसं कुठून आणलीस? तो म्हणाला, काका, धक्का कशाला? सेल्फ नवाकोरा आहे, लंबूनं माझ्याकडूनच बदलून घेतलाय, किल्ली फिरवली की सुरू होते. म्हणजे, कळलं का भाऊ? गाडी त्या सकाळी बंद नव्हतीच. मी दारात दात घासत उभा होतो, तो स्टिअरिंगवर बसून मागं बघत होता, आणि ही पदर खोचून ढकलत होती—कोपऱ्यापर्यंत ढकलली. एरवी दोन घरांपुढं सुरू व्हायची. त्या दिवशी पार कोपऱ्यापर्यंत. त्याला ती सुरू करायचीच नव्हती.

कसं सांगू तिला? हे सांगितलं तर तिच्या हातावरचं ओझं उतरेल, तिनं ढकललं म्हणून तो गेला नाही. पण मग पाय घसरला तेही जाईल. मग तो ठरवून निघाला होता, आणि निघताना त्याला फक्त तिचा हात पाठीवर—

काय झालं? असे काय बघताय माझ्या मागं?

...अगं. तू कधी आलीस? तांब्या ठेव खाली, गरम असेल. बघ, ह्यांचं फूल लावत होतो. छान आहे ना फूल? तू... किती वेळ उभी आहेस?

अगं, दाबू नकोस तिथं, पाणी आहे अजून खाली, अख्खं सरकेल ते—

सरकलं.

राहू द्या भाऊ, तुम्ही उचलू नका ते. पडलंय तिथंच राहू द्या. तिला हात ठेवू द्या.

गाडी नाही द्यायची आम्हाला. तुम्ही या आता.