मेहुण्याला मी जामीन राहिलो

नाही, आणि वर मलाच विचारतात! रस्त्यात अडवून अडवून विचारतात, 'काय हो, कोर्टात असं कसं बोललात?' अहो, कसं बोललो म्हणजे? तोंडाने बोललो! समोर सरकारी वकील, वर न्यायाधीशबाई, शपथ घेतलेली... अशा वेळी माणूस काय भाषण करणार? आणि तुम्हाला सांगतो, हे जे विचारणारे आहेत ना, त्यातला एकसुद्धा तेव्हा पुढे आला नव्हता, जेव्हा त्याला जामीन हवा होता. एकाच्या घरी पाहुणे होते, एकाचं पोट बिघडलं होतं, एक तर मला बघून चक्क समोरच्या दुकानात शिरला, नंतर कळलं ते दुकान बायकांच्या चपलांचं होतं! मग जामीनदार कोण? मी!

कुणाला, म्हणता? माझ्या मेहुण्याला हो! हिचा धाकटा भाऊ. प्रकाशक आहे. आता प्रकाशक म्हटल्यावर तुम्हाला वाटेल कवितांची पुस्तकं छापत असेल, शाळेची पुस्तकं छापत असेल... छे! हा छापतो लोकांनी दडवलेले कागद. सरकारं, कंपन्या, लष्करं जे कपाटात कुलूप लावून ठेवतात ते कुणीतरी गुपचूप ह्याच्याकडे आणून द्यायचं आणि ह्याने ते जगापुढे मांडायचं. एका बलाढ्य देशाच्या लष्कराने कुठल्याशा गावावर चुकून बॉम्ब टाकले, माणसं मेली, आणि मग 'छे छे, आम्ही त्या बाजूला फिरकलोच नाही' म्हणून हात झटकले. त्याचे कागद ह्याने छापले, साहेबलोकांच्या सह्यांसकट! झालं. तो देश म्हणतो, 'हा चोर आहे, आमच्या ताब्यात द्या.' प्रत्यार्पण म्हणतात ह्याला. अहो, माणूस म्हणजे काय उसना नेलेला मिक्सर आहे, परत करायला? निम्मे लोक त्याला महात्मा म्हणतात, निम्मे भामटा म्हणतात, आणि आमच्या घरात तो नुसता 'बाळ'. केस पांढरे झालेत, दाढी पांढरी झालीय... पण ताईचा बाळ!

तर वकील म्हणाले, 'राहायला पक्का पत्ता हवा आणि जामीनदार अब्रूदार हवा.' ही माझ्याकडे बघायला लागली. लग्न झालेल्यांना ते बघणं काय असतं हे मी सांगायला नको. मी म्हटलं, 'अगं, राहतं घर अडकवायचं? खाली माझं शिवणकामाचं दुकान आहे. तो पळाला तर आपण दोघं मशीन डोक्यावर घेऊन रस्त्यावर!' ती म्हणाली, 'बाळ पळणारा नाही.' संपलं! अपील नाही, तारीख नाही, थेट निकाल! घराची कागदपत्रं कोर्टात गेली, बाळ आमच्याकडे आला, आणि जामीनदार कोण? मी!

पायात पट्टा घेऊन आला. तो घोट्याला असतो, बघा, विजेवर चालणारा, पोलिसांना पत्ता कळवणारा. हद्द किती? वर घर, खाली दुकान, दुकानाची पायरी. पायरीच्या खाली पाय पडला की पट्टा बोंबललाच. एकदा काय झालं, गिऱ्हाइकाच्या कोटाचं बटण माझ्या हातातून निसटलं आणि घरंगळत रस्त्यावर गेलं. हा भला माणूस धावला त्याच्यामागे. पट्ट्याने असा टाहो फोडला की पोलिसांची गाडी हजर! 'कुठे निघाला होतास?' 'बटण आणायला.' 'कसलं बटण?' 'चार भोकांचं.' हवालदाराने ते तस्संच लिहून घेतलं हो, चार भोकांसकट! पंचनामा झाला आणि खाली सही कुणाची? जामीनदार कोण? मी!

बरं, पट्टा परवडला... पण ह्याचं तोंड! माणूस गोड, पण खोटं म्हणून बोलवत नाही त्याला. आणि आमचा धंदा कसला? टेलरचा धंदा अर्धा कात्रीवर चालतो आणि अर्धा जिभेवर. बँकेचे मॅनेजर कोटाच्या फिटिंगला आले. आरशापुढे उभे राहिले, पोट आत घेतलं, म्हणाले, 'कसा दिसतो?' मी आयुष्यभर जे म्हणत आलो तेच म्हटलं, 'वा साहेब! काय रुबाब!' आणि मागून, काजं करता करता, आमचा बाळ, 'पाठीवर फुगा आलाय. आत मांजर शिरल्यासारखं वाटतंय.' मॅनेजर वळले. आरशात पाठ बघायला गेले. आता स्वतःची पाठ दिसते का कुणाला? गोल गोल फिरत राहिले बिचारे!

घरात तरी काय वेगळं? वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई रोज सकाळी गायला बसतात. त्यांनी जिन्यात सहज, अगदी सहज हो, विचारलं, 'माझ्या गाण्याचा त्रास नाही ना होत?' ही तोंड उघडणार एवढ्यात बाळ म्हणतो, 'ताई कानात कापूस घालते.' हिने त्याला घरात नेऊन असा झाडला! तर म्हणतो, 'पण तू घालतेस ना कापूस?' ...घालते हो!

मी म्हटलं, 'बाळ, जरा सांभाळून घ्यावं रे. असं लोकांना उघडं पाडू नये.' तो म्हणाला, 'भाऊजी, त्या गावातल्या बायकांना ते लष्कर सांगत होतं, बॉम्ब पडलेच नाहीत. त्यांच्या अंगणात खड्डा, आणि ह्यांचं म्हणणं, पडलेच नाहीत. मी काय सांभाळून घेऊ?' मी मशीन सुरू केलं.

आणि तुम्हाला सांगतो, हा रोग लागतो! रोज समोर असा माणूस बसल्यावर आपल्याला लाज वाटायला लागते. हळूहळू मीच म्हणायला लागलो, 'बाई, हा पिवळा तुम्हाला नाही खुलत.' 'साहेब, चुकलो, बाही आखूड झाली, परत शिवतो.' गिऱ्हाईक तुटेल वाटलं होतं, पण उलट लांबून लांबून यायला लागले. बाळ कौतुकाने बघायचा माझ्याकडे. मला आपली छाती फुगल्यासारखी व्हायची... कसली छाती आणि कसलं काय! तिथेच घात झाला.

कारण मधल्या काळात खालच्या कोर्टाने सांगून टाकलं, द्या ह्याला त्या देशाच्या ताब्यात. आम्ही अपील केलं. सरकारी वकील लगेच उठले, 'आता तर हा नक्की पळणार! जामीन रद्द करा!' आणि पुरावा काय? बटण! मग म्हणाले, घरच्यांनाच विचारू. आता घरच्यांतून कुणाला बोलावणार? जामीनदार कोण? मी!

उभा राहिलो पिंजऱ्यात. हे सरकारी वकील म्हणजे काय आवाज सांगू तुम्हाला, लोण्यासारखा! 'टेलरसाहेब, आरोपी आपल्याकडे राहत असताना त्याने कधी पळून जायची भाषा केली का?'

आता बघा हं. पूर्वीचा मी असतो तर? 'छे छे साहेब! नावच काढू नका!' एका दमात, हसत हसत! ज्या जिभेने मॅनेजरच्या पोटाला रुबाब म्हटलं तिला ह्याचं काय ओझं? आणि नेमकं तेव्हा माझं लक्ष बाळकडे गेलं. मीच शिवलेला कोट घालून बसला होता, त्याच कौतुकाने बघत... आणि मी म्हणालो, 'हो. एकदा.'

आमच्या वकिलांच्या हातातलं पेन खाली पडलं. सरकारी वकिलांनी विचारलं, 'काय म्हणाला?' मी सांगितलं, 'एक दिवस खिडकीशी उभा होता, रस्त्यावरची पोरं खेळत होती, म्हणाला, भाऊजी, वाटतं हा पट्टा कापावा आणि चालत सुटावं. कात्री तर घरातच आहे.'

आमचे वकील धडपडत उठले. अगदी गळ घालून म्हणाले, 'पण तो गेला नाही! का नाही गेला? सांगा, कोर्टाला सांगा!' आणि मी... मला बाळचं पुढचं वाक्य आठवलं, ते मी सांगितलं. 'तो म्हणाला, पण भाऊजी, तुमच्या कात्रीला धारच नाही.'

हसलं हो सगळं कोर्ट. शिपाई हसला, टायपिस्ट हसली, न्यायाधीशबाईंनी रुमाल तोंडाला लावला. आमचे वकील खाली बसले. आणि जामीन रद्द झाला.

अहो, तो का गेला नाही हे मला काय माहीत नव्हतं? तो गेला असता तर त्याची ताई रस्त्यावर आली असती, म्हणून गेला नाही! मरेपर्यंत गेला नसता! पण हे तो कधी बोललाच नव्हता ना. घट्ट माणूस, असलं बोलत नाही. आणि मी वेडा, त्याचे शब्द तेवढे जसेच्या तसे सांगत बसलो, आणि खरं ते आतच राहिलं. अजून तोंडात आहे बघा. सकाळी दात घासताना आरशाला सांगतो. आरसा काय जामीन देणार?

त्याला तिथूनच नेलं. घरी आलो, ही एवढंच म्हणाली, 'दुनियेचं शिवलंत, स्वतःचं तोंड तेवढं शिवायचं राहिलं.' त्यानंतर बोलणं बंद. पुढे अपील फेटाळलं. वकील म्हणतात, तुमच्या साक्षीने अपिलात काही फरक पडला नसता. नसेल पडला! पण एवढे दिवस तरी तो घरात असता ना? ताईच्या हातचं जेवला असता, चार गिऱ्हाइकांना दुखावलं असतं... घराची कागदपत्रं परत आली. घर सुटलं, माणूस अडकला. आता फक्त मंत्र्याची सही राहिलीय. झाली की विमान.

मध्यंतरी तुरुंगात भेटायला गेलो. मध्ये काच. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो! तर म्हणतो, 'भाऊजी, छान बोललात.' आणि मग हळूच, 'तिकडे थंडी फार असते म्हणतात. एक जाडसर कोट शिवाल?' मी काचेतूनच माप घेतलं. हात लावायचा नाही, टेप लावायची नाही, नुसत्या नजरेने. खांद्यात उतरलाय. खूप उतरलाय.

आलो आणि बसलो शिवायला. चांगलं उबदार कापड, दुहेरी अस्तर, आतून खिसा. आयुष्यात असा कोट शिवला नाही. सगळा झाला, एक बाही लावायची राहिली, आणि हात चालेना. वाटलं, ही बाही लागली की बाळ गेला. मला काय कळत नाही? सरकार काय माझ्या बाहीसाठी थांबणार आहे? विमान अडवून धरणार आहे, की थांबा, कोट एका बाहीचा आहे? पण माझ्या हातात दुसरं आहे काय?

बरेच दिवस ती बाही मशीनवर तशीच पडून होती. ही येता-जाता बघायची, बोलायची नाही. मीही बघायचो, बोलायचो नाही. आणि काल सकाळी दुकानात येतो तर... बाही जागेवर नाही. मशीनखाली बघितलं, चिंध्यांत बघितलं, नाही. वर गेलो, तर हिने कपाट घाईघाईने लावलं आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, 'चहा घेता का?'

मी चहा घेतला. बाहीचं काही विचारलं नाही. आमच्या घराचं काय सांगू, विचारलं तर ती खरं सांगायची... आणि मग शिवावी लागेल ना हो!