रेंज वरच्या टोकाला

...नाही हो, कसलं धाडस अन् कसलं काय! जो भेटतो तो विचारतो, "शिखरावर पोचल्यावर काय वाटलं?" अहो, मला काय डोंगर चढायची हौस होती का? मला घरी एक फोन करायचा होता! बास! एक फोन! तुम्ही फोन करायला गॅलरीत जाता, मी बर्फात गेले, एवढाच काय तो फरक.

आता मुळात मी तिथं गेलेच कशी, ते ऐका. आमचा तंबू शिवायचा कारखाना. बारा मशिनी, त्यातली खिडकीजवळची तीन नंबरची माझी. तर डोंगर चढणारी मंडळी आली, सहा जण, म्हणाली, गेल्या वर्षी तुमच्या तंबूंची शिवण वाऱ्यानं उसवली, यंदाच्या नव्या तंबूंबरोबर दुरुस्तीला तुमचं एक माणूस द्या, नाहीतर तंबू परत घ्या. मालकांनी मास्तरांना सांगितलं, मास्तरांनी गळ्यातला टेप सावरत सगळ्या बायकांना विचारलं, कोण जातं? एकीची कंबर धरलेली, दुसरीकडे बहिणीचं बाळंतपण, तिसरीला खुर्चीवर चढलं तरी गरगरतं... अकरा जणींनी अकरा कारणं दिली. आणि बारावी? बारावी घरी! ढमीला ताप म्हणून मी रजेवर! दुसऱ्या दिवशी कामावर गेले तर मास्तर म्हणतात, "अभिनंदन ताई, सर्वानुमते तुमचं नाव ठरलं." तुम्हाला सांगते, तेव्हापासून कानाला खडा, तापानं फणफणले तरी रजा नाही.

ढमी म्हणजे माझी लेक. तीन वर्षांची. जन्मल्यापासून एक रात्र मला सोडून राहिलेली नाही. म्हणजे मीच तिला सोडून राहिलेली नाही, पण ते एकच. मी घास भरवल्याशिवाय ती जेवत नाही, मी थोपटल्याशिवाय झोपत नाही, मी समोर नसले तर रडून रडून निळी पडेल हो पोर! सासूबाईंना म्हटलं तर त्या म्हणतात, "जा की! मी काय पोरं वाढवली नाहीत? तुझा नवरा काय झाडावरून तोडून आणला?" मी वहीची दोन पानं भरून लिहून दिलं. दूध कोमट, कोमट म्हणजे बोट बुडवून तीन आकडे मोजता आले पाहिजेत. रडली तर आधी कान बघा, मग पोट. सासूबाईंनी ती पानं घेतली, चार घड्या घातल्या आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. माझ्या डोळ्यांदेखत!

आणि मला जायचं होतं कुठवर? तर पहिल्या मुक्कामापर्यंत! तंबू ठोकायचे, शिवणी तपासायच्या, चार टाके घालायचे आणि दुसऱ्या दिवशी सामानाच्या खेचरांबरोबर खाली. यांचे जुने बूट, आत दोन-दोन मोजे, पिशवीत सुई-दोरा, अशी मी निघाले. दिवसभर चालून पहिल्या मुक्कामाला पोचले, पोचल्या पोचल्या फोन काढला. रेंज नाही. हात उंच केला. नाही. दगडावर चढले. नाही. आम्हाला नेणारा वाटाड्या होता ना, तो दिवसाला चार शब्द बोलायचा, त्यातले दोन "आलंच की". त्याला विचारलं, "दादा, फोन कुठं लागतो?" त्यानं नुसतं बोट वर केलं. मला वाटलं देवाचं नाव घ्यायला सांगतोय! तर म्हणतो, "रेंज वर आहे. पुढच्या मुक्कामाला. चार तास."

आता तुम्ही म्हणाल, अगं मग खाली यायचं ना. खाली अख्खा दिवस हो! वर चार तास! सातवी शिकलेय मी, एवढा हिशेब मला येतो. वर जायचं, फोन करायचा, ढमीचा आवाज ऐकायचा आणि पळत खाली. मला काय डोंगर चढायचा होता का? मला घरी एक फोन करायचा होता!

चार तासांचे नऊ झाले. वाट कसली, नुसती घसरती खडी, दोन पावलं वर की एक खाली. मी दर वळणावर विचारायची, "दादा, आलं का?" तो, "आलंच की." आमच्यात एक दातांचे डॉक्टर होते, ते मागून सूचना करणार, "ताई, तोंड मिटा, नाकानं श्वास घ्या!" मी म्हटलं, "डॉक्टर, तोंड मिटलं तर ढमीची काळजी कोण बोलून दाखवणार?" त्यांनी पुढचे तीन तास स्वतःचंच तोंड मिटलं.

बरं, दुसऱ्या मुक्कामाला तंबू ठोकतोय तर वारा सुटला, आणि फर्र्रकन डॉक्टरांचा तंबू काखेत उसवला! डॉक्टर आत उभे, लाल झालेले, "कुणी शिवलाय हा? हात कलम केले पाहिजेत त्या माणसाचे!" मी सुई-दोरा घेऊन आत शिरले, शिवणीच्या आतली छोटी पट्टी उलटी केली, आमच्याकडे प्रत्येक पट्टीवर मशीनचा नंबर छापतात... तीन! माझाच! आणि मला लख्ख आठवलं हो. ढमीला ताप भरल्याचा निरोप आला, ती शेवटची शिवण मी टोक पक्कं करणारी उलटी टीप न मारताच सोडून पळाले होते! डॉक्टर विचारतायत, "सापडलं का काय चुकलं?" मी म्हटलं, "हो ना, काय एकेक बायका असतात, लक्ष नसतं कामात!" आणि हळूच ती पट्टी कापली आणि तोंडात टाकली. वाटाड्या दारातच! म्हणाला, "ताई, काय खाताय?" दिवसभरात पहिल्यांदा स्वतःहून बोलला माणूस, आणि नेमका तेव्हाच! मी म्हटलं, "खोकल्याची गोळी." गिळली. दुहेरी टीप मारून दिली मी त्या तंबूला, हत्ती लोंबकळला तरी उसवणार नाही.

आणि रेंज? रेंज नाही! "दादा, तुम्ही म्हणालात ना पुढच्या मुक्कामाला?" "हवा साफ असली की." "मग आता?" बोट वर! "तिसऱ्या मुक्कामाला एक मोठा दगड आहे. त्यावर लागतो."

गेले. काय करणार? आता एकटी खाली जाऊ? खेचरं कधीच उतरून गेलेली! तिसऱ्या दिवशी तर झाडं संपली, गवत संपलं, श्वास संपला. पाच पावलं चालायचं, काठीवर वाकायचं, परत पाच पावलं. मनात एकच, आत्ता ती जेवायला बसली असेल, ताट लोटून दिलं असेल, आई आई करत दाराशी जाऊन बसली असेल. डोळ्यातलं पाणी गालावर येईस्तोवर गार. आणि आला तो दगड! मी एका पायावर उभी, वाटाड्यानं कमरेला दोर बांधून धरलेला, हात आभाळात... आणि एक काडी आली! लावला! एक रिंग गेली, दुसरी रिंग गेली... आणि काडी गायब!

मेले! आधी नुसती काळजी होती, आता घरी मिस्ड कॉल गेलेला! डोंगरावर गेलेल्या सुनेचा मिस्ड कॉल! काय समजतील हो ती माणसं? दरीत पडता पडता लावला असंच समजतील ना! हे बिचारे नोकरी टाकून निघतील, सासूबाई छाती पिटतील, आणि ढमी? ढमीला कोण बघेल? मी वाटाड्याचा दंडच धरला. "दादा, खरं सांगा. रेंज नक्की कुठं?" म्हणाला, "वरच्या टोकाला. पलीकडच्या खोऱ्यातला टॉवर दिसतो तिथून."

चौथ्या दिवशी उजाडायच्या आत निघालो आणि मी सगळ्यांच्या पुढं! डॉक्टर मागून ओरडतायत, "ताई, सावकाश! हवा विरळ आहे!" असू दे विरळ! सहा जण वर्षभर सराव करून आलेले, आणि मी यांच्या बुटात त्यांच्या पुढं. मंडळी म्हणत होती, केवढी जिद्द! कसली जिद्द, मला घरी एक फोन करायचा होता!

पोचलो. सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले, कुणी बर्फावर लोळतंय, कुणी सूर्याला हात जोडतंय. मी फोन बघतेय. चार काड्या! आमच्या स्वयंपाकघरात कधी येत नाहीत हो चार!

"हॅलो! सासूबाई! मी! मी पडले नाही!"

"कोण पडलं?" मागं भांड्यांचा आवाज.

"काल मिस्ड कॉल गेला ना माझा..."

"हो, बघितला. म्हटलं हात लागला असेल."

"आणि ढमी? जेवते का? कोण भरवतं?"

"भरवतं कशाला? तिला हात आहेत की. आत्ता जेवतेच आहे."

"रात्री?"

"पडली की झोपते."

"आणि... रडते का हो फार?"

"चार दिवसांत एकदा नाही!"

तुम्हाला सांगते, मला आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही. पण आत कुठंतरी एक टाका सुटला, खोटं कशाला बोलू? मी म्हटलं, "जरा द्या ना तिला." सासूबाई म्हणाल्या, "कशाला उगीच? मजेत आहे पोर." मी म्हटलं, "द्या हो! चार दिवस चढून आलेय मी!" दिला. मी म्हटलं, "ढमे, आई बोलतेय गं." घास गिळल्याचा आवाज आला मला. आणि मग जो भोंगा सुरू झाला, "आईईई! आई पाहिजे! आत्ता पाहिजे!" ताट पडल्याचा आवाज, सासूबाईंचा आवाज, "झालं तुझं समाधान? घालवलंस चार दिवसांचं शहाणपण!" आणि ढग आला मध्ये आणि काड्या गेल्या.

म्हणजे बघा, चार दिवस ती हसत होती आणि मी रडत वर चढत होते. आता तिला मी रडवली होती, पुढं अडीच दिवसांची उतरण होती आणि खाली कुठंच रेंज नव्हती. मी तिथंच बर्फात फतकल मारलं आणि भोकाड पसरलं. आणि नेमका तेव्हाच डॉक्टरांनी फोटो काढला.

तो आता मालकांनी मोठा करून कारखान्यात लावलाय. आल्या-गेल्याला दाखवतात, "बघा, आमची कारागीर! शिखर गाठल्याचा आनंद कसा डोळ्यांतून वाहतोय बघा!" मी आपली मशीनवरून मान हलवते... आनंद तर आनंद.